माझ्या गुडघ्यातले जंतू

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन आठ महिने झाले. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुसऱ्यांच्या रक्ताच्या नोंदी ठेवल्या. आता स्वतःच्या ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. ही वही कोणी वाचावी अशी अजिबात इच्छा नाही. अक्षर नीट काढतो आहे ते केवळ सवयीनं.

संकल्प :

एक. रोज तीन लिटर पाणी. माझं युरिक अ‍ॅसिड नऊ पॉइंट एक आहे. गेल्या वर्षी पायाचा अंगठा दोनदा टोमॅटोसारखा झाला होता. गाउट.

दोन. मटण बंद. बिअर बंद. कायमची.

तीन. प्रबंध लिहायला घेणे. विषय : गाउटच्या पेशंटच्या सांध्यात जंतूही शिरलेत का, हे रक्तावरून कसं ओळखावं. माझं मत स्पष्ट आहे. सीआरपी ही जुनी तपासणी पुरेशी आहे. शरीरात कुठेही जाळ झाला की सीआरपी चढतं. मी रिटायर होता होता लॅबमध्ये प्रोकॅल्सिटोनिन नावाचं नवं फॅड आलं. मशीन ठेवायला माझं टेबल हलवलं. माझा विरोध शास्त्रीय आहे, टेबलाचा संबंध नाही.

चार. लॅबमध्ये रोज जायचं नाही. आठवड्यातून तीनदाच. नाहीतर त्यांना माझी सवय लागेल आणि ते स्वतःच्या पायावर उभे राहणार नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

लॅबमध्ये गेलो. न सांगता. अशा भेटीतच खरं काय ते कळतं.

इन्चार्ज बाई माझ्याच हाताखाली तयार झाल्या. पहिल्या दिवशी त्यांनी पिपेट उलटी धरली होती. हे मी कोणाला सांगत नाही. आज काउंटरवरच्या मुलीला ओघात सांगितलं. बाई म्हणाल्या, सर, बसा ना, दहा मिनिटांत आले. एक तास चाळीस मिनिटं बसलो. पेशंटच्या बाकावर बसलो, मुद्दामच. तिथून सगळ्या विभागावर नजर राहते. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, काका, पावती? तिसऱ्यांदा विचारलं, उपाशीपोटी आलात ना? नवीन आहे.

मग बाईंनी चहा पाजला. प्रबंधाचा विषय काढला. त्यांचं म्हणणं, नुसता गाउट उसळला तरी ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, सीआरपी आभाळाला टेकतं. म्हणजे सीआरपी बोंब ठोकतं खरं, पण चोर आला तरी बोंब आणि मांजर आलं तरी बोंब. प्रोकॅल्सिटोनिन सहसा जंतू आत शिरल्याशिवाय तोंड उघडत नाही. एकट्या त्याच्यावर निर्णय नसतो घ्यायचा, पण मदत होते.

मी म्हटलं, बोंब ठोकणारं कोणीतरी घरात असलेलं बरं.

बाईंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मुद्दा पोचला असावा.

निघताना त्यांनी जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा दाखवला. वेळ असला तर प्रत्येकाच्या पाठीवर वर्षाचा आकडा घालून द्याल का सर? म्हणजे माझ्यावाचून अडतं आहेच. म्हटलं, बघतो, सवड काढावी लागेल. दुपारी चारपर्यंत सगळी घालून दिली.

पाणी : दीड लिटर. चहा धरून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅब. रजिस्टरं संपली आहेत. बाई मीटिंगमध्ये. काउंटरवरच्या मुलीनं आज पावती विचारली नाही. पंखा लावून दिला. तिला वळण लागतंय.

प्रबंध : शीर्षक ठरलं. ‘गाउटमधील जंतुसंसर्गाचे रक्तनिदान : एक परखड दृष्टिक्षेप’. आभाराचं पानही लिहून झालं. आता फक्त मधला भाग.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. चार मिनिटं अकरा सेकंद. गेल्या रविवारी तीन पन्नास होता. त्याच्या आधीचा तीन वीस. आलेख काढला. चढता आहे.

ती विमानानं नऊ तासांवर राहते. दोन वर्षं चार महिने झाले येऊन. मी मोजत नाही. पासबुकासारखं लक्षात राहतं. नातवाला फोन दिला. तो ‘आजोबा’ म्हणाला आणि पळाला. नंतर बराच वेळ पळण्याचाच आवाज येत होता. तोही मी वेळेत धरला आहे.

तिनं विचारलं, पाणी पिता ना? म्हटलं, तीन लिटर. मग म्हणाली, बाबा, यंदा यायचं बघते. मी म्हटलं, कशाला धावपळ करतेस, इथे मला क्षणाची फुरसत नाही. ती म्हणाली, बरं.

समजूतदार आहे. एका शब्दात ऐकते.

दुपारी खानावळीतून मटण मागवलं. एक बिअर. संकल्प रोजचे असतात. रविवार रोज येत नाही. दुसरी बिअर पहिलीच्या जोडीला.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९.३०

गुडघा.

अंगठा नाही. उजवा गुडघा. पहाटे उठलो तर पायाच्या जागी दुसऱ्याच कोणाचा तरी पाय. लाल, गरम, नारळाएवढा. चादरीचा स्पर्श सोसेना. ताप एकशे एक पॉइंट आठ. तोंडातून हिचं नाव गेलं. तीन वर्षं झाली तिला जाऊन. जिभेला वाईट सवय.

पलंगापासून संडासापर्यंत अकरा पावलं. सत्तावीस मिनिटं लागली. येताना एकोणीस. म्हणजे सुधारणा आहे.

शेजाऱ्यांना हाक मारली नाही. ते कामाची माणसं. शिवाय त्यांचं आडनाव नक्की आठवेना, आणि नुसतं ‘अहो’ किती वेळ ओरडणार.

गाउटच आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला. घरातली जुनी गोळी घेतली. बाटलीवरची तारीख पाहिली नाही. म्हणजे पाहिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४. वॉर्ड, कॉट नंबर सहा.

ताप एकशे दोन. टॅक्सीवाल्यानं वरपर्यंत येऊन मला खाली नेलं. खांद्यावर घेतलं असं लिहिणार नाही. टेकू दिला.

तरुण डॉक्टर आहेत. चष्मा सारखा नाकावर ढकलतात, म्हणून मी त्यांना ढकलडॉक्टर म्हणतो. मनात. त्यांनी गुडघा पाहिला आणि एकदम गंभीर झाले. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याकडे इतकं टक लावून कोणी पाहिलं नव्हतं. म्हणाले, गाउट असेल, पण सांध्यात पू झाला असेल तर दोन-चार दिवसांत गुडघा कायमचा जाऊ शकतो. पाणी काढून बघावं लागेल. अ‍ॅडमिट व्हा.

सुई घालून पाणी काढलं. वीस मिली, गढूळ. मी ओरडलो नाही. शेजारच्या कॉटवरचे म्हणतात की ओरडलो. त्यांना ऑपरेशननंतर भास होत असतील.

रक्तही घेतलं. संध्याकाळपर्यंत कशाला, तीनलाच मी सिस्टरकडून आकडा काढून घेतला. पांढऱ्या पेशी चौदा हजार. आणि सीआरपी? एकशे अठ्ठेचाळीस! सहाच्या आत हवं, आणि माझं एकशे अठ्ठेचाळीस. चौतीस वर्षांत असं सीआरपी मी मोजक्या लोकांचं पाहिलं आहे. जंतू आहेत. नक्की आहेत. कुठले ते बघू, पण आहेत.

प्रबंधाला यापेक्षा चांगली केस मिळणार नाही. शिवाय पेशंट सहकार्य करणारा आहे.

संध्याकाळी ६.२०

लेकीला कळवावं लागलं. फॉर्मवर नंबर दिला होता, हॉस्पिटलनंच फोन केला. तिनं लगेच मला केला. गुरुवार असून. आवाज चिरकला होता. बाबा, एकटे कसे गेलात? मी म्हटलं, टॅक्सीनं. ती म्हणाली, तसं नाही विचारलं.

येऊ का, म्हणाली. म्हटलं, छे छे, काहीतरीच. मग कर्तव्य म्हणून शास्त्रीय परिस्थिती सांगितली. जंतुसंसर्ग नाकारता येत नाही. सीआरपी एकशे अठ्ठेचाळीस आहे. गुडघा जाऊही शकतो. क्वचित जंतू रक्तात पसरतात. क्वचितच. पण पसरतात.

तिकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, सोमवारी सकाळचं विमान मिळतंय, मी येतेय.

एकवीस मिनिटं चाळीस सेकंद. आलेखाच्या कागदात मावणार नाही. नवीन कागद लागेल.

मला हे अजिबात पसंत नाही. तिची रजा, मुलाची शाळा. पण आता तिकीट काढलं आहे तर मी काय करणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

करायच्या गोष्टी. (फक्त घर नीट असावं म्हणून.)

तिच्या खोलीतली जुनी वर्तमानपत्रं हलवणे. नवी चादर, फुलाफुलांची नको, तिला चट्ट्यापट्ट्याची आवडते. गीझर दुरुस्त. मुलासाठी काहीतरी. मुलगा किती मोठा झाला? पायाच्या आवाजावरून अंदाज येत नाही. तो येणार का तेही विचारायचं राहिलं.

हे सगळं इथे कॉटवरून कसं करायचं ते उद्या ठरवतो.

सकाळी ढकलडॉक्टर आले. गुडघ्याच्या पाण्यात सुयांसारखे क्रिस्टल दिसले, म्हणजे गाउट नक्की. माझा चेहरा पाहून म्हणाले, काळजी करू नका, हे तर बरंच आहे. मी त्यांना आठवण करून दिली की क्रिस्टल आणि जंतू एकाच सांध्यात सुखानं नांदू शकतात. ते म्हणाले, बरोबर आहे काका, म्हणूनच कल्चर लावलंय, तीन दिवस बशीत काही उगवतंय का बघू. तोवर अँटिबायोटिक चालू. आणि एक प्रोकॅल्सिटोनिन पाठवतोय.

मी म्हटलं, त्याची गरज नाही. सीआरपी बोललं आहे.

ते म्हणाले, ते गाउटमध्येही बोलतं.

इन्चार्ज बाई रक्त घ्यायला स्वतः आल्या. लॅबची इन्चार्ज वॉर्डात सुई घेऊन येत नाही, मी कधी आलो नाही. एका टोचणीत शीर सापडली. ही माझी शिकवण. त्यांनी पट्टी लावली, मग स्टूल ओढून बसल्या, पाच-सात मिनिटं. बाहेर पेशंट खोळंबले असतील, असं मी त्यांना म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. लेक येतेय हे सांगितलं. दोनदा सांगितलं असेन. त्या म्हणाल्या, वा सर. दोन्ही वेळा.

शेजारच्या कॉटवर बेकरीवाले आहेत. हर्नियाचं ऑपरेशन. आज त्यांना भेटायला अकरा माणसं आली. काय हा गोंगाट! एकाच्या मांडीवर दुसरा. मोठा भाऊ, मेहुणा, मेहुण्याचा पार्टनर, भट्टीवरचा कारागीर. एकानं माझ्या कॉटवर बूड टेकलं आणि विचारलं, तुमचं काय हो? मी त्याला सीआरपी समजावून सांगितलं. बरंच ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. शेवटी त्याला त्यांच्याकडच्यांनी हाक मारून सोडवलं. बेकरीवाल्यांच्या बायकोनं संत्रं सोलून फोडी माझ्या हातावर ठेवल्या. न विचारता. धागे काढून.

गोंगाटाबद्दल तक्रार करणार होतो. उद्या करीन.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.४०

प्रोकॅल्सिटोनिन आलं. शून्य पॉइंट शून्य सात.

नॉर्मल. नुसतं नॉर्मल नाही, तान्ह्या बाळासारखं नॉर्मल.

मशीन बिघडलं आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं. ती खिडकीजवळची जागा, दुपारी ऊन येतं, रीडिंग हलणारच. माझं टेबल तिथे एकोणीस वर्षं होतं, टेबलाला उन्हानं काही होत नाही.

ताप नव्याण्णव पॉइंट चार. हा गाउटच्या गोळ्यांचा परिणाम असेल किंवा अँटिबायोटिकचा. मी अँटिबायोटिकचाच धरतो. म्हणजे जंतू होते. ते मेले. मेलेले जंतू हेही जंतूच.

गुडघा आज दोन बोटं वाकला. सिस्टर खूश झाली. मी तिला जास्त वाकवून दाखवला नाही.

संध्याकाळी ५.१५

लेकीचा फोन. शनिवारी! रिपोर्ट आला का, म्हणाली. मी म्हटलं, अजून नाही.

तांत्रिकदृष्ट्या कल्चरचा अंतिम रिपोर्ट आलेला नाही, त्यामुळे हे उत्तर बरोबर आहे. तिनं बॅग भरायला घेतली आहे. माझ्यासाठी गुडघ्याला बांधायचा पट्टा घेतलाय, डावा की उजवा विचारत होती. तिचा साहेब कुरकुरला, पण रजा दिली. मुलाला शेजारणीकडे ठेवणार. मुलगा रडतो आहे. मागे ऐकू येत होतं.

बावीस मिनिटं. आलेखावर मांडला नाही. पेन सापडेना.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

काल दुपारी मी आग्रह करून दुसरं प्रोकॅल्सिटोनिन करायला लावलं. ढकलडॉक्टर म्हणाले, तसंही करणारच होतो. शून्य पॉइंट शून्य सहा.

कल्चर : बशी कोरी. काहीही उगवलं नाही. अँटिबायोटिक आज बंद.

इन्चार्ज बाई रविवार असून आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मशीन तपासा. त्या म्हणाल्या, तपासलं सर. म्हटलं, ठरल्या आकड्याचा कंट्रोल नमुना लावला? लावला. म्हटलं, नळी बदलली असेल, दुसऱ्याचं रक्त असेल. त्या म्हणाल्या, नळीवर चिठ्ठी मी स्वतः लावली, तुमच्यासमोर. मग मी म्हटलं, बशी आणखी दोन दिवस ठेवा, हट्टी जंतू उशिरा उगवतात. त्या म्हणाल्या, ठेवते.

मग स्टूल जवळ घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सर, तुम्हाला जंतू हवेत का?”

प्रश्न अशास्त्रीय होता. मी खिडकीकडे पाहत राहिलो. बाहेर काही नव्हतं, पाण्याची टाकी होती. बाई बराच वेळ बसल्या. जाताना त्यांनी माझी चादर सारखी केली. हे लॅबच्या कामात बसत नाही.

दुपारी २.३०

बेकरीवाले घरी गेले. सगळी वरात आली होती न्यायला. जाताना प्रत्येकानं मला ‘येतो’ म्हटलं. म्हणजे अकरा वेळा. कॉट रिकामी आहे. वॉर्ड आता छान शांत आहे. अशी शांतता मला आवडते. प्रबंधाला घेणार होतो, पण इतक्या शांततेत लक्ष लागत नाही.

संध्याकाळी ५

फोन आला. वेळेवर.

तिनं सगळं सांगितलं. विमान सकाळी सहाचं. टॅक्सी सांगून ठेवली आहे. मुलाला समजावलंय, आजोबांना बाऊ झालाय, आई चार दिवसांत येते. मग म्हणाली, बाबा, रिपोर्ट?

‘अजून नाही’ असं म्हणायचं ठरवलं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण रिपोर्ट हा शब्द कोणी उच्चारला की माझ्या तोंडून आकडाच निघतो. त्याला माझा इलाज नाही. लोकांच्या बायका दारात उभ्या राहायच्या, जरा बरा आकडा सांगा हो, म्हणायच्या. मी कधी सांगितला नाही. वाईट वाटायचं आणि खरा सांगायचो.

म्हटलं, प्रोकॅल्सिटोनिन शून्य पॉइंट शून्य सात. दुसरं पॉइंट शून्य सहा. कल्चर कोरं. जंतू नाहीत. नुसता गाउट. कालच कळलं होतं.

ती रडायला लागली. मी घाबरलो. मग लक्षात आलं, हसते पण आहे. म्हणत होती, अहो बाबा, किती घाबरले होते मी, तुम्हाला कल्पना नाही, दोन दिवस घास उतरला नाही. नातवाला ओरडून सांगितलं, आजोबा बरे झाले रे! तो मागे ‘हुर्रे’ करून नाचत होता. माझ्या रक्ताचा रिपोर्ट ऐकून कोणी नाचल्याची ही पहिलीच वेळ.

काल का नाही सांगितलंत, हे तिनं विचारलं नाही. मी कारण तयार ठेवलं होतं.

मग तिनं नाक पुसलं. आणि विचारलं, “मग येऊ की नको, बाबा? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

नीट विचारलं. वेळ देऊन विचारलं. मागे मुलाचा नाच थांबला होता, तोही ऐकत असावा.

मी म्हटलं, कशाला उगाच.

ती म्हणाली, नक्की?

म्हटलं, अगं इथे इतकी माणसं असतात येणारी-जाणारी, मला बोलायला सवड नाही. तू ये सुट्टीत, सावकाश.

ती म्हणाली, बरं. तिकीट पुढे ढकलते मग. उन्हाळ्यात बघू.

योग्य निर्णय झाला. व्यवहारी. तिची रजा वाचली, मुलगा शेजारणीकडून वाचला, मलाही ती चादर-बिदर भानगड नको. आकडा खरा सांगितला याचं समाधान आहे.

फोन ठेवल्यावर आठवलं, पट्टा उजव्या पायाचा, हे सांगायचं राहिलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहाला जाग होती. काही कारण नाही. हॉस्पिटलात लवकर जाग येते.

गुडघा अर्धा वाकतो. ढकलडॉक्टर म्हणाले, उद्या घरी. युरिक अ‍ॅसिड कमी करायच्या गोळ्या दोन आठवड्यांनी सुरू करू, तोवर पाणी, पथ्य. मी म्हटलं, पथ्य माझं कडक असतं. त्यांनी चष्मा वर ढकलला.

प्रबंध : भूमिकेत थोडा बदल करावा लागेल असं दिसतं. सीआरपी गाउटमध्ये एकटं पुरेसं नाही. माझं मूळचं मत साधारण हेच होतं. इन्चार्ज बाईंना निरोप पाठवला, आभाराच्या पानात तुमचं नाव घालतो आहे. त्यांचा उलट निरोप आला, सर, आधी बरे व्हा.

बशीत आजही काही उगवलेलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ३. घर.

डिस्चार्ज झाला. थोडी अडचण आली होती, पण ती मी चतुराईनं सोडवली.

सिस्टरनं एक फॉर्म पुढे केला. रुग्णाला घरी नेणाऱ्या व्यक्तीची सही, नाव, रुग्णाशी नातं. वॉकर लावलेल्या पेशंटला एकट्याला सोडत नाहीत. नियम चांगला आहे, माझा विरोध नाही. सिस्टर म्हणाली, कोण आलंय काका न्यायला? मी म्हटलं, मुलगी. खाली गाडी लावतेय. तिला चार मजले चढायला कशाला लावायचं, मीच सही घेऊन येतो.

सिस्टर म्हणाली, लिफ्ट आहे की.

म्हटलं, तिला लिफ्टची भीती वाटते. लहानपणापासून.

वॉकर घेऊन निघालो. कॉरिडॉरच्या वळणापलीकडे एक्स-रेचं दालन आहे, तिथे बाक आहे. बसलो. फॉर्म मांडीवर घेतला. अक्षर उजवीकडे झुकवून सही केली. बरी जमली. नावाच्या जागी आडनावच घातलं, तेवढ्यानं भागतं. नात्याच्या रकान्यापाशी मात्र अडलो. ‘मुलगी’ लिहिलं तर सही मुलीची वाटायला हवी, आणि ती एका म्हाताऱ्याची वाटत होती. भाऊ मला नाही. ‘मित्र’ लिहिलं, खोडलं. एक्स-रेवाला दोनदा बाहेर येऊन गेला, तुमचा नंबर का, म्हणाला. शेवटी लिहिलं, ‘ओळखीचे’. ते काही खोटं नाही.

पुरती दहा मिनिटं बसून राहिलो, चार मजल्यांच्या हिशोबानं. मग फॉर्म नेऊन दिला.

सिस्टरनं वाचला. माझ्याकडे पाहिलं. खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं, उचललं, शिक्का मारला. तिला काही कळलं नाही. खरंच कळलं नसावं, कारण माझी पिशवी उचलून ती लिफ्टपर्यंत आली, खालपर्यंत आली, रस्त्यावर हात करून तिनं टॅक्सी थांबवली, वॉकर मिटून आत ठेवला, मी नीट बसेपर्यंत दार धरून उभी राहिली, आणि मुलीची गाडी कुठे आहे, असं एकदाही विचारलं नाही.